शेवटचा चढ आधी वाचा

ऑक्टोबर जवळ आला की आमच्याकडे फोन सुरू होतात. पानांचे रंग बघायचे असतात, भारतातून कुणी ना कुणी आलेलं असतं, आणि रविवारच्या चहाच्या वेळी फर्माईश येते, "वहिनी, एका दिवसात होईल असा एखादा छान लूप सांगा ना. गर्दी नको, अगदी आत, जंगलात." मग लगेच, "दहा मैल चालेल आम्हाला. दहा मैल म्हणजे काय, डेक्कनहून हिंजवडीला चालत जायचं, एवढंच ना?"

किती मैल हवेत, हे मी कधीच विचारत नाही. मी विचारते, तुमच्यात सगळ्यात हळू कोण चालतं, आणि त्याचा गुडघा चढताना दुखतो की उतरताना? पलीकडे जरा शांतता पसरते. पण माझ्या मते जंगलातली वाट ठरते ती या उत्तरावर. धबधबा, व्ह्यू-पॉइंट, फोटो हे सगळं त्यानंतर.

मी पेनसिल्व्हेनियाच्या मधोमध, स्टेट कॉलेज नावाच्या विद्यापीठाच्या गावात राहते. लग्नाआधी पुण्यात होते आणि शनिवार-रविवार डोंगरात असायचे. तिथे वाट निवडणं हा प्रकारच नव्हता. एसटीतून उतरायचं, पारावर बसलेल्या मामांना विचारायचं, "मामा, गडाची वाट कुठली?" मामा हात लांब करून दाखवणार, वर एखादा पोरगाही बरोबर देणार. पुढे चुकलो तरी गुराखी भेटायचा. इथे उत्तरेकडे तासभर गाडी हाकली की घरं संपतात, मग फोनची रेंज संपते, आणि नंतर दिवसभर माणूस भेटेल याची खात्री नसते. मामांना विचारायचे सगळे प्रश्न आदल्या रात्री, जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून, नकाशालाच विचारावे लागतात.

आधी 'स्टेट फॉरेस्ट' म्हणजे काय ते सांगते, कारण पाहुणे त्याला हमखास 'पार्क' समजतात. पार्कात स्वच्छतागृह असतं, पाण्याचा नळ असतो, माहिती द्यायला माणूस असतो. स्टेट फॉरेस्ट म्हणजे राज्य सरकारच्या मालकीचं राखलेलं जंगल. पेनसिल्व्हेनियात ते सुमारे २२ लाख एकर आहे आणि २० वनविभागांत वाटलेलं आहे. फाटक नाही, तिकीट नाही. खडी टाकलेली चार गाड्यांची जागा, एक लाकडी फलक, आणि झाडावर रंगाचा एक पट्टा. तिथून पुढे तुमचं तुम्ही.

हे जंगल आदिम वगैरे मुळीच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला इथला पाइन आणि हेमलॉक जवळजवळ मुळापासून कापला गेला. पाइन लाकडासाठी, हेमलॉक कातडी कमावायला लागणाऱ्या सालीसाठी. उरलेल्या फांद्या-पाल्याला वणवे लागले. त्या ओसाड मुलखाला लोक 'पेनसिल्व्हेनियाचं वाळवंट' म्हणत. सरकारने ती टाकून दिलेली जमीन स्वस्तात विकत घेतली आणि जंगल पुन्हा वाढू दिलं. आज जे दिसतं ते बहुतेक त्यानंतरचं. चालणाऱ्याला या इतिहासाचा थेट उपयोग आहे. लाकूड वाहून न्यायला दऱ्यांतून छोट्या रेल्वे टाकल्या होत्या. रूळ गेले, पण त्यांचे सपाट बांध उरले आणि आजच्या कितीतरी पायवाटा त्या बांधांवरूनच जातात. रेल्वेला तीव्र चढ चालत नाही, त्यामुळे अशी वाट उतारालाही गुडघ्यांना सांभाळून घेते. नकाशावर ओढ्याच्या कडेने हळूहळू वर सरकणारी, उंचीच्या रेषांना क्वचितच छेदत त्यांच्याबरोबर चालणारी वाट दिसली की ती बहुधा जुना बांध असते. मी अशा वाटा आधी शोधते.

आता लूपकडे. निघालो तिथेच परत यायचं, पण गेल्या वाटेने नाही. एकच गाडी असली तरी भागतं आणि तीच झाडं दुसऱ्यांदा बघावी लागत नाहीत, म्हणून सगळ्यांना लूप हवा असतो. त्याचा तोटा फारसा कुणी सांगत नाही. आल्या वाटेने परतायचं असेल तर दमल्यावर कुठेही पाठ फिरवता येते. जितकं लवकर वळाल तितकं कमी चालायचं. लूपवर निम्मं अंतर गेलं की मागे वळून काहीच वाचत नाही. दहा मैलांच्या लूपवर सहा मैलांवर एखाद्याचा पाय मुरगळला तर पुढे चार आणि मागे सहा. म्हणून मला मधून छेद देणारी एखादी जोडवाट असलेला गोल आवडतो. निम्म्यावर पोचलो, घड्याळ बघितलं, बेत कापायचा ठरला तर कापता येतो.

पाहुण्यांसाठी माझ्यापुढे नेहमी दोन उमेदवार असतात आणि दोघांचे स्वभाव अगदी विरुद्ध आहेत.

पहिला गोल्डन ईगल ट्रेल. टायडॉटन स्टेट फॉरेस्टमध्ये, पाइन क्रीकच्या खोऱ्यात. समुद्रापासून कोसो दूर असूनही जर्सी शोअर असं नाव मिरवणाऱ्या गावावरून पुढे वॉटरव्हिल, आणि तिथून ४१४ क्रमांकाच्या रस्त्याने नदीच्या काठाकाठाने वर जायचं. लूप सुमारे नऊ मैलांचा, एकूण चढ दोन हजार फुटांच्या आसपास. गाडी नदीकाठी, खाली. वर रेव्हन्स हॉर्न नावाचा कडा आहे. तिथून वुल्फ रनची दरी आणि एकामागे एक उतरत गेलेल्या डोंगरांच्या सोंडा दिसतात. पेनसिल्व्हेनियातला एका दिवसाचा सर्वांत देखणा लूप म्हणून पुष्कळ जण याचंच नाव घेतात आणि मला ते मान्य आहे. सकाळी चढ, संध्याकाळी उतार. आपल्या गडाच्या ट्रेकला सरावलेल्या माणसाला हा क्रम ओळखीचा वाटतो.

दुसरा क्वेहाना. मोशॅनन आणि एल्क या दोन स्टेट फॉरेस्टमध्ये पसरलेलं, सुमारे ४८ हजार एकरांचं हे पेनसिल्व्हेनियातलं सर्वांत मोठं 'वाइल्ड एरिया'. नकाशावर याच्या काही हद्दी पट्टीने आखल्यासारख्या सरळ दिसतात. त्यामागची गोष्ट विचित्र आहे. १९५५ मध्ये कर्टिस-राइट या विमानांची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीने अणुशक्तीवर चालणाऱ्या जेट इंजिनाच्या संशोधनासाठी इथली जमीन घेतली होती आणि तिला सोळा बाजूंची बहुभुज हद्द आखली होती. अणुविमान काही उडालं नाही आणि जमीन पुन्हा राज्याकडे आली. ३१ मे १९८५ च्या प्रचंड टॉर्नेडोनेही मोशॅननच्या जंगलातून झाडं आडवी करत वाट काढली. त्या पट्ट्यात आजही सगळी झाडं एकाच वयाची दिसतात. मॅरियन ब्रुक्स या कार्यकर्तीच्या नावाने राखलेल्या भागात पांढऱ्या सालीच्या बर्चचं मोठं वन आहे. ऑक्टोबरमध्ये त्याची पिवळी पानं आणि पांढरी खोडं बघायला मी कितीही दूर गाडी हाकेन.

आता दोघांतला खरा फरक. दोघं ज्यावर आहेत ते अलेगेनीचं पठार आडव्या थरांच्या खडकाचं. माथा सपाट आणि नद्यांनी मधून दऱ्या कोरलेल्या. आपला सह्याद्री बेसाल्टचा, हे वालुकाश्म वगैरेंचं, पण घडण पाहिली की मराठी डोळ्याला लगेच कळते. क्वेहानात मुख्य रस्ता पठारावरून जातो. गाडी वर उभी राहते. म्हणजे सकाळी ताज्या पायांनी दरीत उतरायचं आणि दमल्यावर, सावल्या लांबल्यावर चढायचं. गडाचा ट्रेक नव्हे हा, घाटवाटेचा ट्रेक. पुणे जिल्ह्यातल्या केळदहून उपांड्या घाटाने कर्णवडीकडे उतरून मढे घाटाने वर आलेल्या कुणालाही विचारा. कोकणातलं दुपारचं ऊन आणि त्यावर तो चढ! ज्यांनी तो केलाय त्यांना क्वेहाना समजावून सांगावं लागत नाही. फक्त गड केलेल्यांना सांगावं लागतं.

म्हणून मी नकाशा उलटा वाचते. शेवटच्या दोन मैलांत काय आहे ते आधी बघायचं, सुरुवातीचे दोन मैल कसेही असोत. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाचे १:२४,००० प्रमाणाचे नकाशे यासाठी उत्तम. या भागात दोन लगतच्या रेषांमध्ये वीस फुटांचं अंतर असतं आणि दर पाचवी रेष जाड असते. म्हणजे दोन जाड रेषांमध्ये शंभर फूट. एक इंच म्हणजे जमिनीवरचे दोन हजार फूट. अर्ध्या इंचात पाच जाड रेषा कोंबलेल्या दिसल्या तर हजार फूट पुढे जाताना सुमारे पाचशे फूट वर जायचंय. त्या चढावर गप्पा आपोआप बंद पडतात. हाच चढ सकाळी असेल तर मी हरकत घेत नाही. दुपारी चारनंतर असेल तर तो लूप मी बाजूला ठेवते, किंवा उलट दिशेने फिरवून बघते.

वेळेचा हिशेब नेस्मिथच्या नियमाने करते. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला हा आडाखा. दर तीन मैलांना एक तास आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. गोल्डन ईगलचे नऊ मैल म्हणजे तीन तास, चढाचा एक. झाले चार. पण हे चार तास न थांबणाऱ्या, धडधाकट माणसाचे. आपल्या घोळक्यात फोटो असतात, चिवडा असतो, "जरा बसू या का?" असतं. मी त्याची दीडपट करते, म्हणजे सहा, आणि जेवणाला पाऊण तास वेगळा. पावणेसात. सकाळी दहाला निघालो तर पावणेपाचला गाडीशी.

आता या पावणेपाचकडे ऋतूच्या डोळ्यांनी बघा. जूनच्या शेवटी इथे सूर्य रात्री पावणेनऊला मावळतो. ऑक्टोबरच्या मध्यावर साडेसहाच्या सुमारास. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि महिन्याच्या मध्यावर पाच वाजायच्या आत सूर्यास्त होतो. पुण्यात वर्षभरात सूर्यास्त जेमतेम सव्वा तास इकडेतिकडे होतो, म्हणून आपल्या लोकांच्या हे चटकन लक्षात येत नाही. ऑक्टोबरमध्ये आरामात झालेला लूप महिन्याभराने अंधारात संपतो. त्यातून दरीत असाल तर सूर्य पंचांगाआधीच डोंगराआड जातो. हेडटॉर्च प्रत्येकाकडे हवा. फोनचा दिवा मी मोजत नाही, कारण फोनवर नकाशा असतो आणि थंडीत बॅटरी भराभर उतरते.

लूपचा शेवट वनखात्याच्या खडीच्या रस्त्यावरून होत असेल तर पाहुणे नाक मुरडतात. "रस्त्यावरून चालायला एवढ्या लांब कशाला आलो?" माझं मत अगदी उलट आहे. शेवटचा मैल-दीड मैल रस्ता असावा, मुद्दाम असावा. संधिप्रकाशात, पानांखाली दगड दडलेले असताना, थकलेल्या पायांना रस्त्यासारखं सुख नाही. शोभेचं काय ते दुपारपर्यंत बघून घ्यावं. या जंगलांत असे रस्ते भरपूर आहेत आणि त्यांच्यामुळे जवळजवळ कुठल्याही दोन वाटा जोडून लूप बनवता येतो. क्वेहानातले माझे आवडते लूप असेच बनलेत. पंच्याहत्तरेक मैलांच्या क्वेहाना ट्रेलचा एक तुकडा, निळ्या पट्ट्यांच्या जोडवाटेचा एक, आणि उरलेला रस्ता.

पट्ट्यांचे रंगही समजून घ्यायला हवेत. स्टेट फॉरेस्टच्या मुख्य पायवाटांवर सहसा नारिंगी पट्टे असतात; क्वेहानात जोडवाटांवर निळे. एकावर एक दोन पट्टे दिसले की पुढे वळण आहे, थांबून बघा. अपालेशियन ट्रेल चाललेल्या लोकांना पांढऱ्या पट्ट्यांमागे जायची सवय असते. इथे पांढरा रंग सरकारी जंगलाच्या हद्दीवरच्या झाडांना असतो. त्यामागे जाल तर सर्व्हेअरने आखलेल्या रेषेवरून झाडोऱ्यात शिराल, वाट मिळणार नाही. आणि जांभळा पट्टा दिसला तर उंबरठाही ओलांडायचा नाही. २०२० पासून कायद्याने त्याचा अर्थ 'खासगी जागा, प्रवेश बंद' असा आहे.

ओढे मी बोटाने मोजते. जिथे वाट निळी रेष ओलांडते तिथे पूल असेलच असं नाही, बहुतेकदा नसतो. ऑगस्ट-ऑक्टोबरात दगडांवर पाय ठेवत पार होणारा ओढा मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर मांडीपर्यंत आणि हाडं गोठवणारा असतो. ओलांडण्याची जागा लूपच्या शेवटी असेल तर जास्त वाईट, कारण पाणी बघून माघार घ्यायची म्हणजे अख्खा दिवस उलटा चालायचा. पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी गाळून किंवा उकळूनच प्यायचं.

प्राण्यांबद्दल पाहुणे अस्वलाचं विचारतात. काळी अस्वलं आहेत, पण माझी खरी धास्ती गोचिडींची आहे. लाइम रोग या राज्यात फार आहे. खसखशीएवढ्या पिल्लांचा उपद्रव मे-जूनमध्ये, मोठ्या गोचिडींचा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. म्हणून फर्नने भरलेली अरुंद वाट दिसायला सुंदर असली तरी जूनमध्ये मी मुलांना तिकडे नेत नाही. फिकट रंगाची पूर्ण विजार, पायमोज्यात खोचलेली, आणि घरी आल्यावर आंघोळीआधी गुडघ्यामागे, काखेत, केसांत नीट बघणं. रॅटलस्नेक उन्हाळ्यात उघड्या, तापलेल्या खडकांवर असतात. बसण्याआधी बघायचं, एवढंच. एल्क नावाची मोठी हरणं मात्र बघावीत. इथले एल्क संपले होते, मग १९१३ पासून यलोस्टोनहून आणून पुन्हा सोडले. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नर शीळ घालतात तेव्हा बेनेझेट गावाच्या बाजूला गाड्यांची रांग लागते. त्या शनिवार-रविवारी मी त्या रस्त्याला जात नाही.

शिकारीचा हंगाम न बघता तारीख ठरवू नये. इथे शिकार ही परंपरा आहे आणि स्टेट फॉरेस्टमध्ये ती कायदेशीर आहे. शरदात चालायचं तर टोपी आणि जाकीट भडक नारिंगी. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी रायफलने हरणं मारण्याचा हंगाम उघडतो. त्यानंतरचे दोन आठवडे मी जंगलात पाऊल टाकत नाही. एकेकाळी रविवारी शिकारीला बंदी असे. तो आधार आता धरून चालू नये.

तर या वर्षीचं सांगते. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात धाकटे दीर, जाऊबाई आणि कॉलेजातली पुतणी येतायत. दीर राजगड-तोरणा करणारे, त्यांना गोल्डन ईगलच हवाय, फोटो पाहून बसलेत. जाऊबाईंचा गुडघा उतरताना दुखतो. गोल्डन ईगलला नदीकडे उतरायचं ते दिवसाच्या शेवटी, पानांनी झाकलेल्या दगडांवरून. ते बाद. क्वेहाना वरून सुरू केलं तर उतार सकाळी, पाय ताजे असताना, पण मग चढ संध्याकाळी. दोन्हीत काहीतरी अडतंच.

यातून वाट निघाली ती नकाशावर गाडीची जागा हलवून. लूपची सुरुवात कुठून करायची हे लूप ठरवत नाही. रस्ता जिथे जिथे त्याला शिवतो तिथून कुठूनही करता येते. पठारावरचा मुख्य रस्ता, क्वेहाना हायवे, वर असला तरी वायकॉफ रन रोड ओढ्याबरोबर थेट दरीत उतरत सिनेमाहोनिंगपर्यंत जातो. गाडी खाली लावायची. सकाळी रेषा दाट असलेल्या बाजूने वर जायचं. चढायला जाऊबाईंना काही त्रास नाही, दिरांचीही हौस भागेल. जेवण पठारावर, उन्हात. उतरायचं ते विरळ रेषांच्या बाजूने, ओढ्याकाठच्या सपाट बांधावरून, आणि शेवटचा मैलभर रस्ता. अंतर साडेसात मैल, चढ हजारेक फूट. नेस्मिथचे तीन तास, माझे साडेचार, जेवण धरून सव्वापाच. साडेनऊला निघायचं, पावणेतीनला गाडीशी. उशीर झालाच तरी सूर्यास्ताला तीन तासांहून जास्त शिल्लक.

दुपारी एकपर्यंत पठारावर पोचलो नाही तर निळ्या वाटेने सरळ वरच्या रस्त्याला लागायचं आणि मी एकटी खाली जाऊन गाडी आणायची, हेही ठरलंय. पेट्रोल वाटेत स्नो शू गावात भरून घ्यायचं, कारण पुढच्या कार्थॉस गावानंतर भरवशाचं काही नाही. वनखात्याचा छापील नकाशा दोन प्रती, एक दिरांकडे. तिसऱ्या कागदावर गाडीचा नंबर, ती कुठे उभी असेल ती जागा, लूपची दिशा आणि संध्याकाळचे साडेसात ही वेळ लिहून शेजारच्या मावशींकडे दिलाय. तोवर माझा फोन आला नाही तर ९११ ला काय सांगायचं तेही त्यांना इंग्रजीत लिहून दिलंय. जाऊबाईंनी काल फोनवर एकच विचारलं, वर चहा मिळेल का. मिळणार नाही, थर्मास मोठा घ्यायला सांगितलाय.